जुनं वनस्पती उद्यान कसं पाहावं

वनस्पती उद्यानाला नोंदवही असते, साध्या बागेला ती नसते. एवढं लक्षात ठेवून आत शिरलात तरी निम्मं काम झालं. झाड कुठून आलं, कुणी पाठवलं, बी आलं की रोप, कोणत्या साली लावलं, हे तिथल्या दफ्तरात लिहिलेलं असतं आणि त्यातला एक छोटा तुकडा झाडावरच्या पाटीवर असतो. बहुतेक लोक पाटीकडे ढुंकूनही न बघता हिरवळीवर बसतात, फुलांशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि दोन तासांत बाहेर पडतात. त्यात वावगं काही नाही, पण तेवढ्यासाठी शेदोनशे वर्षं जपलेल्या बागेपर्यंत जायची गरज नसते. पुढचं सगळं झाडं सावकाश बघायची हौस असणाऱ्यांसाठी आहे. वनस्पतिशास्त्र आलंच पाहिजे असं काही नाही.

आधी बागेचा आकार आणि वय

निघण्यापूर्वी या दोन गोष्टी शोधून ठेवा. आकारावरून वेळेचा हिशोब लागतो. इटलीतल्या पादुआची बाग दोन हेक्टरांच्या आसपास आहे. एका सकाळीत ती नीट बघून होते. लंडनची क्यू सव्वाशे हेक्टरांहून मोठी, आणि कोलकात्याजवळ हावड्यातली शिबपूरची बाग शंभर हेक्टरांच्या वर. अशा ठिकाणी ‘सगळं बघू’ म्हणून निघालात तर पायांचे तुकडे पडतात आणि घरी आल्यावर एकही झाड धड आठवत नाही. नकाशा आधीच बघून दोन-तीन भाग निवडायचे आणि उरलेल्यांवर पाणी सोडायचं. मन घट्ट करावं लागतं, पण यासारखा दुसरा उपाय नाही.

वयावरून नजर कुठे ठेवायची ते कळतं. सोळाव्या शतकातल्या बागा, म्हणजे पिसा (१५४४), पादुआ (१५४५), लायडन (१५९०), या विद्यापीठांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी काढल्या. औषधी झुडूप ओळखण्यात चूक झाली तर रोग्याच्या जिवावर बेतणार, म्हणून खरी वनस्पती समोर ठेवून शिकवायची सोय केली. अशा बागा लहान, भिंतीच्या आतल्या आणि भौमितिक वाफ्यांच्या असतात. पादुआत तर औषधी झाडं रात्री चोरीला जायला लागली, तेव्हा बागेभोवती गोल भिंत घालावी लागली. इथे मान खाली घालून फिरायचं. खरा ऐवज वाफ्यांत, गुडघ्याएवढ्या झुडपांत असतो.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या वसाहतींमधल्या बागांचा हेतू वेगळा. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंटची बाग (१७६५), शिबपूर (१७८७), जावा बेटावरचं बोगोर (१८१७), श्रीलंकेतलं पेराडेनिया (१८२१), सिंगापूर (१८५९) या बागांत परदेशी पिकं इथे रुजतात का, त्यांतून पैसा निघेल का, याच्या चाचण्या चालत. या बागा ऐसपैस, ताडमाडांच्या दुतर्फा रांगा असलेल्या. तिथे मान वर करून चालावं लागतं. युरोपात त्याच काळात लोखंड आणि काचेची भलीमोठी घरं उभी राहिली. क्यूचं ‘पाम हाउस’ १८४४ ते १८४८ या काळातलं. बहुतेक जुन्या बागांत हे थर एकमेकांत मिसळलेले असतात, आणि कोणता भाग कोणत्या थरातला हे ओळखत फिरण्यात मजा आहे.

वेळ कोणती साधायची

उघडता उघडता पोहोचा. ऊन सौम्य असतं, गर्दी नसते, माळी पाणी घालत असतात आणि त्यांना दोन प्रश्न विचारता येतात. पण काही गोष्टी सकाळच्या नव्हेतच. व्हिक्टोरिया नावाच्या दक्षिण अमेरिकन कमळाची परातीसारखी पानं कोणत्याही वेळी दिसतात. फूल मात्र संध्याकाळी उमलतं. पहिल्या रात्री ते पांढरं असतं, उबदार आणि सुवासिक. त्या वासाने भुंगेरे आत शिरतात, फूल मिटतं आणि त्यांना कोंडून ठेवतं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा उघडतं तेव्हा रंग गुलाबी झालेला असतो आणि परागांनी माखलेले भुंगेरे सुटतात. भर दुपारी गेलेल्या माणसाला नुसतं मिटलेलं बोंड दिसतं. म्हणून तलाव फेरीच्या शेवटी ठेवावा आणि बाग किती वाजता बंद होते ते आधी बघून घ्यावं.

सुमात्राचा टायटन अरम हा आणखी एक लहरी पाहुणा. वर्षानुवर्षं फुलत नाही आणि फुलला की दोन-तीन दिवसांत आटोपतो. लागवडीत तो पहिल्यांदा फुलला १८८९ साली, क्यूमध्ये. सडक्या मांसासारखा त्याचा दर्प रात्री सर्वांत उग्र असतो. कळी दिसायला लागली की बागा तशी जाहिरात करतात, काही ठिकाणी रात्रीही दारं उघडी ठेवतात. जवळपास कुठे असा योग असेल तर बाकीचे बेत बाजूला ठेवून जा.

पानगळीच्या दिवसांत बाग ओकीबोकी असेल म्हणून जाणं टाळू नका. खोडाची साल, फांद्यांची ठेवण, वेलींचे पीळ हे सगळं पानं नसताना स्वच्छ दिसतं. वादळ होऊन गेलं असेल तर मात्र आधी चौकशी करा, कारण मोठ्या झाडांखालचे रस्ते बरेच दिवस बंद ठेवतात.

पाटी कशी वाचायची

इथे जरा थांबतो, कारण सगळं गाडं इथेच अडतं. पाटीवरचं नाव अवघड दिसलं की लोक पुढे सरकतात. खरं तर ती वाचायला दहा मिनिटांत शिकता येते.

पळसाची पाटी घ्या. त्यावर साधारण असं असतं: ‘ब्युटिया मोनोस्पर्मा (लॅम.) टॉब.’ पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. मग कंसातलं ‘लॅम.’ म्हणजे लामार्क, या झाडाचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा करणारा फ्रेंच शास्त्रज्ञ. त्याने पळसाला पांगाऱ्याच्या प्रजातीत बसवलं होतं. पुढे टाउबर्ट (पाटीवरचा ‘टॉब.’) या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला तिथून उचलून ब्युटियात आणलं, म्हणून त्याचं नाव कंसाबाहेर. थोडक्यात, पाटीवर कंस दिसला की त्या झाडाने एकदा तरी घर बदललंय असं समजायचं. आणि ब्युटिया हे नाव आलं ब्युटचा तिसरा अर्ल या ब्रिटिश उमरावावरून, ज्याने क्यूची बाग उभी राहत असताना राजघराण्याला सल्ला दिला. आपल्या रानातल्या पळसाच्या नावात लंडनच्या बागेचा एक कारभारी बसलाय.

‘एल.’ एवढंच एक अक्षर दिसलं तर तो लिनीअस. त्याच्या १७५३ च्या ग्रंथापासून वनस्पतींची आजची दोन शब्दांची नावं मोजली जातात. ‘रॉक्सब.’ म्हणजे विल्यम रॉक्सबर्ग, जो १७९३ साली शिबपूरच्या बागेचा प्रमुख झाला. भारतीय झाडांपाशी तो वारंवार भेटतो. करमळाच्या पाटीवर बघा. अशी चार-पाच नावं ओळखीची झाली की पाटी परकी वाटत नाही.

नावाखाली किंवा कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक क्रमांक असतो, समजा ‘१९८५-४२१’. हा नोंदवहीतला क्रमांक. पहिले चार आकडे बहुधा सालाचे असतात, पण ते साल नोंद झाल्याचं. झाड त्याहून कितीतरी जुनं असू शकतं, कारण दफ्तर नव्याने लावताना जुन्या झाडांना मागाहून क्रमांक दिले जातात. म्हणजे क्रमांकावरून वय सांगायला जाऊ नका.

काही बागा क्रमांकासोबत एक रोमन अक्षरही देतात. ‘डब्ल्यू’ असेल तर झाड किंवा त्याचं बी थेट रानातून आणलेलं. ‘झेड’ म्हणजे रानातून आलेल्या झाडाची बागेत वाढवलेली संतती. ‘जी’ म्हणजे बागेतलंच, आणि ‘यू’ म्हणजे मूळ माहीत नाही. अभ्यासकांच्या लेखी ‘डब्ल्यू’ला सर्वांत जास्त किंमत. ज्या रानातून ते बी आणलं ते रान आज तोडलं गेलं असेल, तर तुमच्यापुढे त्या रानाचा उरलेला नमुना उभा आहे. दिसायला ते झाड यथातथाच असेल, तरी दोन मिनिटं जास्त द्या.

दोन नावांमध्ये गुणाकाराची खूण असली तर तो संकर. एकेरी अवतरणात नाव असलं तर ते माणसाने निवडून वाढवलेलं वाण. पाटीवर देशाचं नाव असतं तो त्या झाडाचा मुलूख, ते रोप जिथून विकत आणलं तो देश नव्हे.

पाटीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पाटी वेलीची असते आणि आपण ती आधाराच्या झाडाची समजतो, किंवा वठलेल्या झाडाची पाटी शेजाऱ्याच्या पायाशी राहून जाते. पाटी कशाला बांधलीय, शेजारच्या झाडाला वेगळी पाटी आहे का, एवढं बघितलं की घोळ टळतो. मोबाइलवरची झाड ओळखणारी ॲप दूरदेशच्या झाडांपाशी हमखास गडबडतात. तिथे पाटी बरी.

एका झाडापाशी किती वेळ

माझ्या मते एका फेरीत आठ-दहा झाडं पुरतात, पण त्यांच्याशी नीट ओळख करून घ्यावी. आधी लांबून पूर्ण आकार बघायचा. मग खोडाकडे यायचं: साल ढलप्यांनी सुटते की गुळगुळीत आहे, काटे आहेत का, बुंधा जमिनीशी भिंतींसारखा फाकलाय का. मग जमिनीकडे. उंच झाडाची फुलं वर दिसत नाहीत, पण खाली सडा पडलेला असतो आणि तोच सगळं सांगतो. कैलासपती याला अपवाद; त्याची फुलं थेट खोडावर लगडतात, हाताच्या उंचीवर. त्याची तोफगोळ्याएवढी फळंही तिथेच लोंबतात आणि अवचित सुटतात, म्हणून फोटोच्या नादात बरोबर खाली उभं राहू नये.

बुंध्याभोवती गवत काढून पालापाचोळा पसरलेलं आळं असतं. त्यात पाय ठेवायचा नाही. हा नियम नुसता शिस्तीचा नाही. क्यूमध्ये १७९८ साली लावलेला टर्नरचा ओक १९८० च्या दशकात खंगत चालला होता. १९८७ च्या ऑक्टोबरात आलेल्या वादळाने बागेतली सुमारे ७०० झाडं पाडली. हा ओक मुळांसकट उचलला गेला आणि पुन्हा जागच्या जागी बसला. आता तो जाणार असं सगळ्यांनी धरलं होतं, पण काही वर्षांत तो पूर्वीपेक्षा जोमाने वाढू लागला. वर्षानुवर्षांच्या पावलांनी दडपलेली माती वादळाने मोकळी केली होती. तेव्हापासून जुन्या झाडांच्या मुळांशी हवा भरून माती भुसभुशीत करायची पद्धत रूढ होत गेली. खोडाला मिठी मारून फोटो काढायचा मोह झाला की हा ओक आठवावा.

शिबपूरचा वड बघायला जाणाऱ्यांची बहुधा एक फसगत होते: मूळ खोड शोधत फिरतात. ते नाहीच. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत झाड जखमी झालं, पुढे बुरशीने पोखरलं आणि १९२५ साली मधलं खोड काढून टाकावं लागलं. आज जे रान दिसतं ते सगळं पारंब्यांवर उभं आहे. हजारो पारंब्या, आणि त्यांतली प्रत्येक आता स्वतःच खोड झालीय. कडेच्या रस्त्याने पूर्ण फेरी मारा आणि कोवळ्या पारंब्या कुठे जमिनीकडे येताहेत ते शोधा. झाड कोणत्या बाजूला सरकतंय ते त्यावरून कळतं.

प्रसिद्ध माणसांनी लावलेल्या झाडांच्या रांगा दिसतील. राजे, राष्ट्रपती, पाहुणे. मी तिथे फार रेंगाळत नाही.

काचघरात

बाहेर थंडी आणि आत दमट उष्मा असेल तर चष्मा आणि कॅमेऱ्याची काच आत शिरताच धुरकटते. पुसत बसू नका. दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा नुसता उघडा ठेवा, काच आपोआप निवळते. तोवर वरच्या सज्जाकडे जाणारा जिना शोधा. ताडमाडांचे शेंडे वरून बघायला मिळण्याची संधी दुसरीकडे कुठे येत नाही. अंगावर काढता-घालता येईल असा कपडा ठेवा; गरम आणि थंड दालनांतून ये-जा होते तेव्हा त्याचं महत्त्व कळतं.

काचघरात सायकसवर्गीय झाडं, म्हणजे दिसायला ताडासारखी पण फुलांऐवजी शंकू धरणारी, हमखास असतात आणि हमखास दुर्लक्षित राहतात. क्यूमध्ये एक सायकसवर्गीय झाड १७७५ साली क्यूसाठी झाडं गोळा करणाऱ्या फ्रान्सिस मॅसनने दक्षिण आफ्रिकेतून आणलं. ते आजही कुंडीतच आहे. तिथे आल्यापासून त्याला शंकू आला तो एकदाच, १८१९ साली. त्याचाच भाऊबंद एन्सेफॅलार्टोस वूडी. १८९५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या ओंगोये रानात त्याचा एकच नर सापडला आणि मादी कधीच सापडली नाही. जगभरच्या बागांतले सगळे वूडी त्या एकाच झाडाच्या फुटव्यांतून वाढलेले आहेत. बी धरणार कसं? पाटीवर हे नाव दिसलं तर जरा वेळ द्या.

निवडुंगांच्या दालनात लहान मुलांचे हात धरा. मोठे काटे दिसतात म्हणून टाळता येतात. फड्या निवडुंगाच्या केसांएवढ्या बारीक काट्यांचा झुबका बोट लागताच सुटतो आणि काढता काढता नाकी नऊ येतात.

पिकांचा कोपरा चुकवू नका

जायफळ, लवंग, दालचिनी, कोको, सिंकोना (ज्याच्या सालीतून क्विनाइन मिळतं), रबर अशी झाडं एकत्र लावलेला एक भाग वसाहतकाळच्या जवळजवळ प्रत्येक बागेत असतो. फुलं नाहीत, रंग नाहीत, त्यामुळे तिथे शुकशुकाट असतो. मला हाच भाग सर्वांत बोलका वाटतो.

रबराचं झाड घ्या. १८७६ साली हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया क्यूला आणल्या. त्यांतून तीन हजारही रोपं उगवली नाहीत. जी उगवली त्यांतली बहुतेक श्रीलंकेला गेली आणि थोडी सिंगापूरच्या बागेत पोहोचली. तिथल्या हेन्री रिडलीने झाड न मारता चीक काढायची पद्धत बसवली आणि मलायात रबराचे मळे पसरले. ॲमेझॉनचा रबराचा धंदा बसला. बागेतल्या रबराच्या खोडावर तिरप्या चरांचे व्रण असले तर ते त्याच पद्धतीचे.

बोगोरमध्ये १८४८ साली तेलमाडाची चार रोपं आली. आग्नेय आशियातल्या पामतेलाच्या मळ्यांची वंशावळ त्यांच्यापर्यंत जाते. मॉरिशसच्या पाम्पलमूस बागेत पिअर पॉयव्हर या फ्रेंच प्रशासकाने लवंग आणि जायफळ आणवलं, तेव्हा डच व्यापाऱ्यांची मक्तेदारी मोडायचा उघड हेतू होता. सेंट व्हिन्सेंटच्या बागेत कॅप्टन ब्लायने १७९३ साली नीरफणसाची रोपं पोहोचवली ती ऊसमळ्यांवरच्या गुलामांचं पोट स्वस्तात भरावं म्हणून. त्याआधीच्या खेपेला त्याच्या ‘बाउंटी’ जहाजावर बंड झालं होतं आणि रोपं समुद्रात फेकली गेली होती. पाटीवर यातलं फारसं काही लिहिलेलं नसतं. म्हणून या भागातल्या दोन-तीन झाडांबद्दल घरूनच वाचून जावं.

दालचिनीचं पान ओळखायला सोपं: देठापासून तीन ठळक शिरा टोकाकडे जातात. झाडावरचं पान चुरगळू नका. खाली पडलेलं मिळालं तर त्याचा वास घेऊन तिथेच ठेवा.

काय करू नये

पडलेलं बीही उचलून घरी नेऊ नये. एक तर ते बागेच्या संग्रहाचा भाग असतं. दुसरं म्हणजे त्यासोबत कीड, बुरशी आणि तणही प्रवास करतं. बुटांचे तळवे घासायला ब्रश किंवा औषधाचं पाणी ठेवलेलं असेल तर ते टाळू नका; मातीतून पसरणाऱ्या रोगांनी जंगलं पोखरली आहेत. कुठलंही फळ चाखू नये, ओळखीचं वाटलं तरी. ड्रोन आणि तिपाईला बहुधा आधी परवानगी लागते.

फोटो काढताना क्रम ठेवा: आधी पाटी, मग पूर्ण झाड, मग पान, साल, फूल. पाटी आधी काढली की पुढचे फोटो कुणाचे हे घरी आल्यावर शोधत बसावं लागत नाही.

माळ्याला विचारायचा सर्वांत कामाचा प्रश्न: ‘आज काय फुललंय?’ नकाशात न सापडणारी जागा तो सांगतो. मुलं सोबत असतील तर त्यांना एकच काम द्या, म्हणजे वेगवेगळ्या आकाराची दहा पानं शोधून वहीत काढणं. नाहीतर तिसऱ्या पाटीपासून ‘घरी चला’ सुरू होतं.

घरी आल्यावर

त्याच संध्याकाळी फोटोंतली नावं वहीत उतरवा. नावं बदलत असतात, म्हणून जुन्या पाटीवरचं नाव क्यूच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या मोफत संकेतस्थळावर टाकून आजचं मान्य नाव कोणतं ते बघा. झाडाचा मूळ मुलूखही तिथे नकाशावर दिसतो. वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह बघायची इच्छा झाली तर तो बहुधा सर्वांना खुला नसतो. काय बघायचंय आणि कशासाठी, असं लिहून आधी वेळ मागावी लागते.

पाटी चुकलेली किंवा दुसऱ्याच झाडावर लागलेली दिसली असेल तर बागेला कळवा. नोंद क्रमांक, नकाशावरची जागा, पाटीचा आणि पानाचा फोटो एवढं पाठवलं की पुरे. ‘तुमची पाटी चुकीची आहे’ असं न लिहिता ‘हे पान या नावाशी जुळत नाहीये असं वाटतं’ असं लिहिलंत तर उत्तर लवकर येतं.